गाडी उचलत का नाही?

(दहावी, १९८६ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजक मंडळींनी प्रत्येकाला एकच अट घातली होती : आपल्या कामातलं काहीतरी सांगा, पण बाकीच्यांना घरी नेता येईल असं सांगा. डॉक्टर मंडळींनी रक्तदाबावर सांगितलं, बँकवाल्या मैत्रिणीनं वारसनोंदीवर सांगितलं. माझ्या हातात पाना. आयटीआय करून गॅरेज टाकलं, त्याला तीस वर्षं होऊन गेली. तेव्हा मी गाडीवरच बोलणार. आणि गाडीच्या शंभर तक्रारींपैकी एकाच तक्रारीवर बोलणार, कारण आज पटांगणात गाड्या लावताना तिघांनी मला तीच विचारली, "अरे, ॲक्सिलरेटर दाबतो पण गाडी उचलत नाही. काय असेल?"

काय असेल, हे मी तिथं उभ्या उभ्या सांगितलं नाही. तिघांनाही थोडा राग आला असेल. का सांगितलं नाही, तेच आता सांगतो.

गाडी पूर्ण बंद पडली तर ती निदान उभी राहते, आपण उतरतो, कुणाला तरी फोन करतो. अर्धी ताकद गेलेली गाडी त्याहून वाईट. ती गावात नीट चालते, सपाटीला पळते, आणि ऐन वेळी दगा देते. दुपदरी रस्त्यावर तुम्ही ट्रकला ओव्हरटेक करायला बाहेर आलात, समोरून एसटी येतेय, तुम्ही पाय दाबलात आणि गाडी जागच्या जागी रेंगाळली, तर ते तीन सेकंद फार मोठे असतात. म्हणून "चालतंय की, बघू दिवाळीनंतर" असं या तक्रारीबद्दल म्हणू नका.

दुसरं नुकसान खिशाचं. फिल्टर बदलून बघू, प्लग बदलून बघू, इंजेक्टर साफ करून बघू, पंप बदलून बघू. या 'बघू'मध्ये माणसाचे वीस-तीस हजार जातात आणि गाडी होती तशीच राहते.

आपली विज्ञानाची प्रयोगवही आठवा. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. आपल्यातले बरेच जण अनुमान आधी लिहायचे, पुस्तकातून बघून, आणि मग त्याला जुळेल असं निरीक्षण भरायचे. सर वही परत करायचे. आमच्या धंद्यात आजही हेच चालतं, फक्त वही परत करणारं कुणी नसतं. 'टर्बो गेला' हे अनुमान झालं. निरीक्षण काय केलं, ते विचारायचं असतं.

आता थोडं गणित करू, घाबरू नका. वाई साधारण ७०० मीटरवर आहे, पाचगणी सुमारे १३०० मीटरवर. पसरणी घाट म्हणजे गाडीला ६०० मीटर वर उचलणं. सात माणसं, सामान धरून एक सात सीटर गाडी २४०० किलोची धरा. वस्तुमान गुणिले ९.८ गुणिले उंची, म्हणजे सुमारे १४० लाख ज्यूल. एक लिटर डिझेलमध्ये साधारण ३६० लाख ज्यूल असतात, त्यातला ढोबळ एक तृतीयांश भाग चाकांपर्यंत पोचतो. म्हणजे गाडीला नुसतं वर उचलायलाच सव्वा लिटरच्या आसपास डिझेल जातं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे हे काम किती वेळात करायचं. घाटात ताशी ४० च्या वेगानं जाताना चढ जर १६ मीटरला १ मीटर असेल, तर गाडी दर सेकंदाला सुमारे ७० सेंटिमीटर वर चढते. त्याला १६-१७ किलोवॅट लागतात. तीच गाडी सपाटीला ताशी ४० नं न्यायला पाचएक किलोवॅट पुरतात. म्हणजे वेग तोच, पण घाटात इंजिनाकडून चौपट काम मागतो आपण.

म्हणून उभ्या गाडीला रेस देऊन "आवाज तर मस्त आहे" म्हणण्यात अर्थ नसतो. उभ्या गाडीत इंजिन जवळजवळ काहीच काम करत नसतं. माणूस बसल्या जागी ठीक असतो, जिना चढताना धाप लागते, तेव्हा डॉक्टर त्याला ट्रेडमिलवर चढवतात. गाडीचंही तसंच. ताकदीचा दोष भाराखालीच शोधावा लागतो.

इंजिनाला ताकद द्यायला चार गोष्टी लागतात. हवा आत यायला हवी, इंधन मोजून मिळायला हवं, योग्य क्षणी जाळ व्हायला हवा, आणि जळलेला धूर बाहेर जायला वाट हवी. यातलं सगळ्यात कमी लेखलं जातं ते हवेला. एक लिटर पेट्रोल नीट जळायला सुमारे ९००० लिटर हवा लागते. आपण पेट्रोल पंपावर इंधनाचे पैसे देतो, हवा फुकट मिळते, म्हणून तिची किंमत कळत नाही. तिच्या वाटेत उंदरानं गवत, चिंध्या आणून घर केलं, की इंजिनाचा श्वास कोंडतो. एअर फिल्टरच्या डब्यात उंदराचं घर सापडणं ही आमच्याकडे पावसाळ्यातली नेहमीची गोष्ट आहे.

या चारांच्या पलीकडे पाचवी गोष्ट म्हणजे इंजिनाची ताकद चाकापर्यंत पोचायला हवी. इंजिनाचा आवाज चढतो, आरपीएमचा काटा वर जातो, पण वेग वाढत नाही, तर इंजिनाला हात लावू नका, क्लच प्लेट घसरतेय. एका चाकाजवळ हात नेला आणि झळ लागली, तर तो ब्रेक धरून राहिलाय. आणि सगळ्यात सोपं म्हणजे पायाखालची मॅट. ती पेडलखाली सरकली, की ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलाच जात नाही. हसू नका, मी अशा गाड्या बघितल्या आहेत. मॅट काढायला पैसे पडत नाहीत.

आणि ताकद कमी वाटली म्हणजे दोष असेलच असंही नाही. दर हजार मीटर उंचीला हवा साधारण एक दशांश विरळ होते. टर्बो नसलेली लहान गाडी पाचगणीला पोचेपर्यंत वाईपेक्षा पाच-सहा टक्के कमी हवा घेत असते. त्यात पाच माणसं, टपावर सामान आणि एसी चालू. तिथं एसी बंद करून बघा. फरक पडला आणि गाडी सुरळीत चढली, तर तिला दवाखाना नको.

आता एक प्रसंग सांगतो, म्हणजे सगळं एकत्र समजेल.

डिसेंबरच्या सुरुवातीला एक तरुण ड्रायव्हर माझ्याकडे आला. स्वतःची सात सीटर डिझेल गाडी, हप्त्यावर घेतलेली. नाताळच्या सुट्टीत पाचगणी-महाबळेश्वरला जी गर्दी होते, त्या पंधरा दिवसांत त्याचे तीन महिन्यांचे हप्ते निघतात. तो म्हणाला, "मिस्त्री, खाली झकास पळती ओ. पण पॅसिंजर भरलं की घाटात जीव सोडती. मागनं काळा धूर. पाठीमागची मोटरसायकलवाली शिव्या देत्यात."

त्यानं तोवर डिझेल फिल्टर बदलला होता, एअर फिल्टर बदलला होता, इंजेक्टर काढून साफ करून घेतले होते. एका ठिकाणी स्कॅनर लावून त्याला सांगितलं होतं, की टर्बो गेला, नवा टाकायला ८५,००० रुपये लागतील. पतसंस्थेच्या कर्जाचा अर्ज भरून त्याच्या खिशात होता.

स्कॅनरबद्दल दोन वाक्यं सांगतो. आपल्याकडच्या २०१३ नंतरच्या गाड्यांत स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. त्यात स्कॅनर लावला, की गाडीचा कॉम्प्युटर आपल्याला एक कोड देतो. या गाडीचा कोड होता पी-०२९९. त्याचा अर्थ एवढाच, की टर्बोनं जेवढा हवेचा दाब द्यायला हवा तेवढा मिळत नाही. टर्बो खराब आहे, असं तो कोड म्हणत नाही. ताप १०२ आहे असं थर्मामीटर सांगतो, मलेरिया आहे असं सांगत नाही. ज्यानं टर्बो सांगितला तो काही लबाड माणूस नव्हता. त्यानं कोड वाचला आणि तिथंच थांबला. इतकंच.

असा कोड आला की कॉम्प्युटर इंजिनाला जपायला इंधन कमी करून टाकतो. त्याला लिंप मोड म्हणतात. मी पोरांना शिकवताना म्हणतो, गाडी लंगडी घालते. लंगडी घालत घरापर्यंत जाता येतं, पण डाव जिंकता येत नाही. चावी बंद करून पुन्हा चालू केली, की बऱ्याच गाड्या थोडा वेळ दोन पायांवर येतात, म्हणून ड्रायव्हरला वाटतं, की बरी झाली. पुन्हा भार आला, की पुन्हा लंगडी.

मी त्याला प्रश्न विचारत बसलो. कधीपासून? पावसाळ्यानंतर. हळूहळू की एकदम? हळूहळू. रिकाम्या गाडीला होतं का? फारसं नाही. धक्के बसतात का? नाही, नुसतं मऊ पडतं. काही आवाज? तो थोडा थांबला आणि म्हणाला, "दाबलं की फुस्स करती, सायकलच्या चाकागत."

काळा धूर आणि फुस्स. काळा धूर म्हणजे डिझेल येतंय, हवा कमी पडतेय. आता हवा मोजणारा सेन्सर बसलेला असतो एअर फिल्टरच्या लगेच पुढे. त्याच्यानंतर टर्बो, मग इंटरकूलर म्हणजे हवा थंड करणारी जाळी, मग इंजिन. हे सगळं जाड रबरी पाइपांनी जोडलेलं. मोजलेली हवा पुढे एखाद्या पाइपातून बाहेर पडली, तर कॉम्प्युटरला वाटतं, की ती इंजिनात पोचली. तो त्या हिशेबानं डिझेल सोडतो. हवा वाटेत गळाली, डिझेल मात्र पोचलं. मागून काळा धूर.

पण हेसुद्धा अनुमानच झालं. म्हणून आधी मोजलं. गाडीत चार माणसं बसवली, स्कॅनर लावला आणि घाट धरला. तिसरा गिअर, १५०० आरपीएमपासून पाय पूर्ण दाबून. कॉम्प्युटर टर्बोकडे किती दाब मागतो आणि प्रत्यक्षात किती मिळतो, हे दोन आकडे शेजारी शेजारी. उभ्या गाडीत दोन्ही आकडे ०.९३ बार, म्हणजे तिथल्या हवेचा नुसता दाब. चढावर मागणी गेली २.२ बारवर, मिळाले १.५. थोड्या वेळात चेक इंजिनचा दिवा लागला आणि गाडीनं लंगडी धरली.

परत येऊन टर्बोची आतली पाइप काढली. टर्बोचं चाक बोटानं फिरवलं, मोकळं फिरलं. दांडा मागेपुढे हलत नव्हता. पाती शाबूत होती. चालत्या गाडीत हे चाक मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं, त्यामुळे खरंच खराब झालं असतं तर लपलं नसतं. मग टर्बोचं तोंड बूच लावून बंद केलं आणि कॉम्प्रेसरची हवा रेग्युलेटरनं मोजून एक बारपर्यंत आत सोडली. एवढीच. जास्त सोडली तर चांगला पाइपही उडतो. जोडांवर साबणाचं पाणी मारत गेलो. वरून सगळे पाइप कोरडे, नवे वाटावेत असे. इंटरकूलरकडे जाणाऱ्या पाइपच्या खालच्या अंगाला, जिथं डोळा पोचत नाही, तिथं हात घातला तर बोटांवर बुडबुडे. चार बोटं लांब चीर. दाब नसताना तिचे ओठ मिटलेले, दाब आला की उघडणार.

नवा पाइप टाकून गाडी देता आली असती. पण एक प्रश्न राहिला होता, की पाइप खालूनच का चिरला? नीट बघितलं, तर तो एका पट्टीवर घासत होता. मूळ जागेवर असता तर घासला नसता. इंजिन ज्या रबरी बैठकीवर बसतं, त्यातली एक बैठक फाटली होती. भार आला की इंजिन एका बाजूला कलायचं आणि पाइप त्या पट्टीवर दाबला जायचा. नुसता पाइप बदलला असता, तर मार्चमध्ये हा पोरगा परत आला असता आणि म्हणाला असता, की मिस्त्री, तुमचाही इलाज टिकला नाही.

पाइप, बैठक आणि मजुरी धरून बिल पाच हजारांच्या आत आलं. मग पुन्हा तोच रस्ता, तीच माणसं, तोच गिअर. मागणी २.२, मिळाले २.१७. धूर नाही, दिवा नाही. तो आकडा मी त्याला स्कॅनरवर दाखवला, कारण दुरुस्ती झाली हे गाडीनं सांगायचं असतं, मिस्त्रीनं नव्हे. त्यानं खिशातला पतसंस्थेचा अर्ज काढला, चार घड्या केल्या आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवला. फाडला नाही. म्हणाला, "असू द्या, टायर घ्यायचेत फेब्रुवारीत."

दुसरी गोष्ट पेट्रोल गाडीची, थोडक्यात सांगतो. गाडी आपल्यातल्याच एका मैत्रिणीची आहे, ती समोर बसली आहे, तिची परवानगी घेतली आहे, नाव सांगत नाही. ताशी ८० च्या पुढे दाबलं की गाडी अडखळायची. तिच्याकडून प्लगचे, थ्रॉटल साफ करण्याचे पैसे दोनदा घेऊन झाले होते. मी पेट्रोलच्या लाइनला प्रेशर गेज जोडला, लांब पाइपनं बाहेर काढून काचेवर वायपरखाली चिकटवला आणि रस्त्यावर नेली. उभ्या गाडीत ३.५ बार, बरोबर. भाराखाली काटा २ वर. म्हणजे पेट्रोल कमी पडतंय.

आता सगळे म्हणतील, पंप गेला. पण पंप म्हणजे एक मोटर, आणि मोटरला वीज लागते. पंपाच्या सॉकेटवर मीटर लावला. चालू गाडीत बॅटरीवर १४ व्होल्ट, पंपाला मिळत होते १०.५. मधले साडेतीन व्होल्ट कुठे गेले? ओहमचा नियम आठवतो का? बाईंनी फळ्यावर त्रिकोण काढून दिला होता. पंप ७ ॲम्पिअर घेत होता, वाटेत कुठेतरी अर्धा ओहम रोध होता, सात गुणिले अर्धा, साडेतीन. तो अर्धा ओहम सापडला मागच्या सीटखाली, अर्थच्या बोल्टवर. दाराच्या रबरातून पावसाचं पाणी आत येऊन तिथं गंज चढला होता. पॉलिश पेपरनं घासला, बोल्ट कसला, ग्रीस लावलं, दाराचं रबर बदललं. पंप तोच आहे, अजून चालतोय.

उभ्या गाडीत हे का कळत नव्हतं? कारण उभ्या गाडीत इंजिनाला पेट्रोल लागतंच थोडं. अशक्त पंपसुद्धा तेवढं पुरवतो. मागणी वाढली की त्याचं उघडं पडतं.

तिसरा दोष नुसता नाव घेऊन सांगतो, कारण तो महाग पडतो. सायलेन्सरच्या वाटेवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रं आणि त्यांवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंचा मुलामा, म्हणून त्याची किंमत तशी असते. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडत नसेल, तर न जळलेलं पेट्रोल तिथं जाऊन पेटतं आणि ते पोळं वितळून बंद होतं. मग धूर बाहेर जायला वाट नाही, म्हणून हवा आत यायला जागा नाही, म्हणून गाडी उचलत नाही. म्हणून चेक इंजिनचा दिवा नुसता लागला तर लवकर दाखवा, पण तो लुकलुकत असेल तर त्याच वेळी पाय सैल करा. लुकलुकणं म्हणजे ठिणगी चुकतेय आणि कन्व्हर्टर भाजतोय. आणि कन्व्हर्टर बदलायची वेळ आलीच, तर आधी ठिणगी दुरुस्त झाली का विचारा. नाहीतर नवाही त्याच वाटेनं जाईल.

१ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-सहा डिझेल गाड्या ज्यांच्याकडे आहेत, त्यांना एक वेगळी सूचना. या गाड्यांच्या धुराच्या वाटेवर काजळी धरणारा फिल्टर असतो, त्याला डीपीएफ म्हणतात. गाडी ती काजळी अधूनमधून आतल्या आत जाळते, त्यासाठी तिथं सहाशे अंशांच्या आसपास उष्णता लागते. गाडी नुसती घर ते मंडई, मंडई ते घर फिरली, तर ती उष्णता येतच नाही. काजळी साठते, ताकद जाते. निवृत्त मंडळींनी लक्ष द्या. अशी गाडी अधूनमधून हायवेला अर्धा तास सलग पळवा. तुम्हालाही बरं, गाडीलाही बरं.

आता तुम्ही गाडी घेऊन कुठल्याही मिस्त्रीकडे गेलात तर काय सांगायचं, ते सांगतो. "पिकअप नाही" एवढंच सांगू नका. पाच गोष्टी लिहून न्या.

एक, कधी होतं. थंड असताना, की दहा-वीस किलोमीटर झाल्यावर.

दोन, कुठे होतं. कुठल्या गिअरमध्ये, किती वेगाला, चढावर की सपाटीला, रिकाम्या गाडीला की भरलेल्या.

तीन, कसं होतं. धक्के बसत असतील तर बहुधा ठिणगी किंवा इंधन. नुसतं मऊ पडत असेल तर बहुधा हवा किंवा सायलेन्सर. आवाज चढतो पण वेग नाही, तर क्लच.

चार, धूर. काळा असेल तर हवा कमी. निळा असेल तर ऑइल जळतंय. पांढरा असेल आणि गाडी गरम झाल्यावरही जात नसेल, तर न जळलेलं डिझेल किंवा इंजिनात शिरलेलं पाणी.

पाच, त्याआधी काय घडलं. नवीन पंपावर इंधन भरलं, सर्व्हिसिंग झालं, साचलेल्या पाण्यातून गाडी काढली, महिनाभर उभी होती. ही पाचवी ओळ लोक सांगतच नाहीत, आणि निम्म्या वेळा उत्तर तिथं असतं.

आणि मिस्त्रीला तीन गोष्टी विचारा. भांडून नव्हे, चहा घेत विचारा. काय मोजलं आणि किती आलं? हा भाग का खराब झाला? दुरुस्तीनंतर त्याच रस्त्यावर, तेवढ्याच भारानं फिरवून बघणार का? चांगल्या मिस्त्रीला हे प्रश्न आवडतात. ज्याला राग येतो, त्याच्याकडून गाडी घेऊन या.

रस्त्यात असताना ताकद गेली तर काय करायचं, हे शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. ओव्हरटेक करताना गाडी मऊ पडली, तर आणखी दाबत बसू नका. दाबून ताकद येत नाही, वेळ जातो. पाय काढा, ब्रेक लावा, मागे बघून डावीकडे परत या. पुढं जायची जिद्द सोडा. घाटात असाल तर रुंद जागा बघून डावीकडे घ्या, चारही इंडिकेटर लावा, हॅन्डब्रेक ओढा, पहिला गिअर टाकून ठेवा आणि मागच्या चाकाला दगड लावा. माणसांना गाडीच्या मागे उभं करू नका, कठड्याच्या बाजूला बसवा. मग फोन करा. आणि ज्या गाडीनं एकदा असा दगा दिलाय, ती दाखवल्याशिवाय रात्रीच्या प्रवासाला काढू नका. लग्न असो नाहीतर मेळावा.

मित्रहो, हे सगळं मला आयटीआयनं शिकवलं, रस्त्यानं शिकवलं. पण उतरणीवरचं काम, ओहमचा नियम आणि 'आधी निरीक्षण, मग अनुमान' हे तिन्ही याच शाळेत, याच इमारतीत शिकलो. तेव्हा त्यांचा उपयोग काय, असं वाटायचं. आता माझ्याकडे शिकायला येणारी पोरं तेच विचारतात, की मामा, भौतिकशास्त्राचा गॅरेजमध्ये काय उपयोग? त्यांना दाखवायला मी एक जुनं तीन सिलिंडरचं इंजिन मधोमध कापून ठेवलंय. हाताच्या दांडीनं फिरवलं की पिस्टन वरखाली होतात, हवेच्या आणि धुराच्या झडपा उघडमिट करताना दिसतात.

तसंच एक दुसरं इंजिन कापून तयार केलं आहे, ते मी आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेला देतोय. मुख्याध्यापक बाईंशी बोलणं झालं आहे. जून महिन्यात शाळा सुरू झाली की मी स्वतः येऊन ते बसवीन आणि नववी-दहावीच्या पोरापोरींना दोन तास शिकवीन. तुमच्यापैकी ज्यांच्या हातात काही कसब आहे, शिवणकाम असो, शेती असो, वायरिंग असो, त्यांनीही एकेक शनिवार द्यावा, अशी विनंती आहे. नावं आमच्या संयोजकांकडे लिहून द्या.

सर, बाई, तुम्ही आमच्या वह्या परत केल्यात, त्याबद्दल आभार. एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो. जाताना गाड्या सावकाश चालवा.